आपला खेळाडू म्हणजे कोण? टेनिसमधला पाठिंबा, पासपोर्ट आणि बालेवाडी

बेसलाइन (धागाकर्ता)

म्हाळुंगे-बालेवाडीच्या टेनिस संकुलात २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधली, विजेत्याला २५० गुण देणारी) स्पर्धा पाच वेळा झाली. २०२१ साली ती भरली नाही. एकेरीचे विजेते सिमाँ, अँडरसन, व्हेसेली, सूसा आणि ग्रीक्सपूर. भारतीय नाव एकही नाही. दुहेरीत मात्र दोनदा आपले जिंकले: २०१९ ला रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ ला बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. मग ती स्पर्धा पुण्यातून गेलीच, आणि २०२४ च्या जानेवारीत पहिल्या आठवड्याची स्पर्धा हाँगकाँगला झाली.

हा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "टेनिस वैयक्तिक खेळ आहे, ज्याचा खेळ आवडेल त्याला टाळ्या वाजवाव्यात, देश कशाला मध्ये आणायचा?" मला हे पटत नाही. आपल्याकडच्या प्रेक्षकाने आधी आपल्याकडच्या खेळाडूच्या मागे उभं राहावं असं माझं मत आहे. त्याचं कारण झेंडा नाही, क्रमवारीचं गणित आहे.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) एम १५ स्पर्धा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर. पहिल्या फेरीत हरलात तर हातात साधारण दीडशे डॉलर आणि क्रमवारीचे शून्य गुण. आख्खी स्पर्धा जिंकलात तर १५ गुण. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत यायला क्रमवारी २३० च्या आसपास लागते. तिथपर्यंतचा सगळा प्रवास, राहणं, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, हे ज्याचं त्याने बघायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागलने खात्यात ९०० युरो उरल्याचं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता.

पुढे काय झालं तेही बघा. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला तो दुसऱ्या फेरीत पोचला. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर १०० (एटीपी २५० च्या खालच्या पातळीची स्पर्धा) जिंकून १०० गुण मिळवले आणि थेट ९८ व्या क्रमांकावर आला. त्या जोरावर फ्रेंच ओपन आणि विम्बल्डनच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश, आणि पॅरिस ऑलिंपिकही. घरच्या स्पर्धेतला एक आठवडा इतकं करू शकतो. त्या स्पर्धा टिकायच्या तर स्टँडमध्ये माणसं हवीत.

दुसरी सर्व्हिस

गणित बरोबर, निष्कर्ष नाही.

पुण्याची स्पर्धा रिकाम्या खुर्च्यांमुळे गेली नाही. एटीपी २५० चं लायसन्स ही विकत-भाड्याने फिरणारी वस्तू आहे. पुण्यात महाराष्ट्राची राज्य संघटना आयोजक होती, लायसन्स तिच्या मालकीचं नव्हतं. करार संपला, आठवडा दुसरीकडे गेला. चेन्नईहून पुण्याला आला तोही असाच. तेव्हा "तुम्ही आला नाहीत म्हणून स्पर्धा गेली" हे ओझं प्रेक्षकाच्या डोक्यावर ठेवू नका.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 'देशासाठी खेळ' हा आग्रह प्रेक्षकांनी धरला की संघटनेच्या हातात छडी येते. डेव्हिस कपची (देशादेशांमधल्या पुरुषांच्या सांघिक स्पर्धेची) लढत फेब्रुवारी २०२४ मध्ये इस्लामाबादला होती. नागल आणि शशिकुमार मुकुंद यांनी जायला नकार दिला. ऑस्ट्रेलियन ओपनच्या आशिया-पॅसिफिक वाइल्ड कार्ड (क्रमवारी न बघता दिलेला प्रवेश) प्ले-ऑफसाठी राष्ट्रीय संघटनेने नागलचं नाव पाठवलं नाही आणि कारण म्हणून हाच नकार पुढे केला. नागल मेलबर्नला पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून आत आला आणि ३१ वं मानांकन असलेल्या कझाकस्तानच्या बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असं हरवलं. १९८९ साली रमेश कृष्णनने विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा तो पहिला भारतीय. दुसऱ्या फेरीत पोचल्याचे १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. संघटनेने वाट अडवलेल्या माणसाने ते कमावले. त्याच्यामागे उभं राहायचं तर तो नागल आहे म्हणून राहू. 'भारत' म्हणून उभे राहिलो की आपण नकळत संघटनेच्या बाजूला जाऊन बसतो.

एडिसनकर

मुळात 'आपला' म्हणजे कोण, हे आधी ठरवा.

२०२१ मध्ये विम्बल्डनचं मुलांचं विजेतेपद समीर बॅनर्जीने जिंकलं, तेव्हा भारतात केवढा आनंद झाला. मुलगा न्यू जर्सीचा, अमेरिकन. जानेवारी २०२५ मध्ये निशेश बसवरेड्डीने मेलबर्नला जोकोविचकडून पहिला सेट घेतला. आईवडील आंध्रचे, जन्म कॅलिफोर्नियाचा, वाढला इंडियानात, आणि वाइल्ड कार्ड अमेरिकन संघटनेचं. राजीव राम तर डेन्व्हरचा. रिओ ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत उपांत्य फेरीत सानिया मिर्झा आणि बोपण्णा हरले ते व्हीनस विल्यम्स आणि याच राजीव रामकडून. पहिला सेट आपण ६-२ असा घेतला होता. नंतर ब्राँझचा सामनाही गेला.

अमेरिकेतल्या मराठी घरांतली पोरं याच व्यवस्थेत वाढतात, शाळा-कॉलेजच्या संघातून खेळतात. त्यांनी बसवरेड्डीला ओरडून पाठिंबा दिला तर त्यात भारताशी बेइमानी नाही. आणि भारतानेही दार बंद करून ठेवू नये. २००८ च्या अखेरीस केंद्राने भारतीय पासपोर्ट असलेल्यालाच देशाकडून खेळता येईल असं ठरवलं. प्रकाश अमृतराज, शिखा उबेरॉय, सुनीता राव या निर्णयात अडकले. सुनीता त्याच वर्षी बीजिंगला सानियाबरोबर भारताकडून दुहेरी खेळली होती!

कलम पाच

वरच्या मुद्द्यात "पासपोर्ट घ्या, खेळा" असं कोणी म्हणण्याआधी प्रक्रिया बघा. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. परदेशी नागरिक असलेल्या मूळ भारतीयाला नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणी करायची तर पाच वर्षं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) हवं आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य हवं. खास कारण असेल तर त्यात तीस दिवसांपर्यंतची सूट सरकार देऊ शकतं. टेनिसपटू वर्षातले बहुतेक आठवडे परदेशात असतो. बारा महिने इथे राहिला तर गुण ५२ आठवड्यांनी गळून जातात आणि क्रमवारी कोसळते. म्हणजे पासपोर्ट मिळेपर्यंत ज्या कारणासाठी तो हवा होता तेच हातचं गेलेलं असतं.

शिवाय भारतीय पासपोर्टवर युरोपातल्या शेंगेन देशांत जायला आधी व्हिसा काढावा लागतो, अमेरिकन पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत तो लागत नाही. क्ले कोर्टचा (मातीच्या कोर्टचा) युरोपातला हंगाम खेळायचा तर आधी व्हिसाची वाट बघा. सुजाण मुलगा अमेरिकन पासपोर्ट का सोडेल?

आणखी एक गाठ आयटीएफची. २०१५ पासून एका देशाकडून डेव्हिस कप खेळलेल्याला दुसऱ्या देशाकडून खेळता येत नाही. अल्याझ बेडेने स्लोव्हेनियाकडून खेळला होता, नंतर ब्रिटिश नागरिक झाला, अपील करूनही त्याला ब्रिटनकडून डेव्हिस कप मिळाला नाही.

बेसलाइन

@एडिसनकर, टाळ्या हव्या त्याला वाजवा, त्यात वाद नाही. संघातली जागा मात्र मी देणार नाही. कझाकस्तानने तो मार्ग घेतला. बुब्लिक मूळ रशियाचा, २०१६ ला आला. रिबाकिना २०१८ ला आली आणि २०२२ ला विम्बल्डन जिंकली. मोठं यश, मान्य. पण आपल्याकडे तयार खेळाडू आयात झाला की संघटनेवरचा उरलासुरला दबावही जाईल. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी कोर्ट, प्रशिक्षक, फिजिओ द्या असं मग कोण कोणाला सांगणार?

लाल माती

ही 'घरी घडलेला' कल्पनाच मला पोकळ वाटते. नागल झज्जरचा. घडला बेंगळुरूच्या अकादमीत, नंतर कॅनडात, मग जर्मनीत. मानस धामणे पुण्याचा, पण सराव इटलीत बोर्दिगेराला. अंकिता रैना अहमदाबादची आणि टेनिस पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकली, म्हणून पुणेकर तिला आपली मानतात आणि योग्यच करतात. तुमच्या व्याख्येने नागल थोडा जर्मन आणि बसवरेड्डी पूर्ण अमेरिकन ठरतो. 'घरचा' या शब्दात घडण्याचा भाग थोडा आणि पासपोर्टचा भाग फार, हे प्रामाणिकपणे मान्य करा, मग पुढे बोलू.

बेसलाइन

मान्य. शब्द बदलतो. ज्याला अमेरिकन, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन संघटनेचं वाइल्ड कार्ड कधीच मिळणार नाही, तो माझ्यासाठी घरचा. त्या तीन देशांच्या संघटना ग्रँड स्लॅमची वाइल्ड कार्डं आपसांत वाटून घेतात. आपल्या पोरांच्या मागे असं कोणी नाही. प्रेक्षक तरी असावेत.

पंचाची खुर्ची

ही व्याख्या आधीच्यापेक्षा चांगली आहे. आता पाठिंबा द्यायचा कसा यावर, कारण तिथे आपण फार चुका करतो.

प्रतिस्पर्ध्याच्या डबल फॉल्टवर (दोन्ही सर्व्हिस चुकल्यावर) टाळ्या नकोत. पहिली सर्व्हिस चुकली की दुसरीच्या आधी आरडाओरडा नको. सर्व्हिस करणारा थांबतो, चेंडू पुन्हा पुन्हा टप्पे घेतो, आणि पंचाला ही दिरंगाई गर्दीमुळे झाली असं वाटलं तर तो पहिली सर्व्हिस पुन्हा देऊ शकतो. म्हणजे ओरडून आपण प्रतिस्पर्ध्यालाच फायदा करून देतो. रॅली चालू असताना स्टँडमधून "आउट" असा आवाज आला तर सगळ्यात आधी आपलाच खेळाडू थबकतो. डेव्हिस कपमध्ये तर पक्षपाती गर्दीसाठी स्वतंत्र नियम आहे: रेफरी आधी ताकीद देतो, नंतर यजमान संघाचा गुण कापू शकतो. ढोल-ताशा बाजू बदलतानाच्या नव्वद सेकंदांत वाजवा, हवा तेवढा.

घरच्या कोर्टाबद्दलही एक. यजमान देश पृष्ठभाग निवडतो आणि आपण भावनेपोटी गवत निवडत आलो. दिल्ली जिमखान्यावर मार्च २०२२ मध्ये डेन्मार्कविरुद्ध ४-० असं जमलं. पण फेब्रुवारी २०१९ ला कोलकात्याच्या साउथ क्लबवर इटलीकडून १-३ हरलो, कारण आपली मुलंही आता वर्षभर हार्ड कोर्टवरच खेळतात. गवतावर चेंडू खाली राहतो, घसरतो, गुडघे वाकवून खेळावं लागतं. दहा दिवसांच्या सरावात ते अंगवळणी पडत नाही. समोर इटलीचा सेप्पी होता, गवतावरची ईस्टबोर्नची स्पर्धा जिंकलेला. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये परक्या कोर्टवर, बिएलला, स्वित्झर्लंडला ३-१ हरवलं. घरचं मैदान म्हणजे फायदाच, असं टेनिसमध्ये नसतं.

आघाडीची रांग

इतका वेळ चर्चा बहुतेक पुरुषांवरच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर) डब्ल्यूटीए १२५ ही महिलांची व्यावसायिक स्पर्धा झाली. कोइंबतूरची माया राजेश्वरन, वय १५, पात्रता फेरीतून आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. एप्रिल २०२५ ला बिली जीन किंग कपची (महिलांच्या देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेची) आशिया-ओशनिया लढत बालेवाडीलाच होती आणि तिथून भारत पुढच्या टप्प्यात गेला. ऋतुजा भोसले हांगझोऊच्या एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पाठिंब्याची चर्चा करताना यांची नावं सहाव्या-सातव्या प्रतिसादापर्यंत का येत नाहीत?

दुसरी सर्व्हिस

मायाचं उदाहरण फार महत्त्वाचं, आणि ते वाइल्ड कार्डबद्दल आहे. २०२३ च्या महाराष्ट्र ओपनमध्ये मानस धामणेला १५ व्या वर्षी थेट मुख्य फेरीचं वाइल्ड कार्ड दिलं. मायकेल म्मोहकडून २-६, ४-६ हरला. स्कोअर वाईट नाही, पण एटीपी २५० मध्ये पहिल्या फेरीत हरलं की गुण शून्य. २८ च्या ड्रॉमध्ये अशी वाइल्ड कार्डं तीनच असतात. मायाला पात्रता फेरीत प्रवेश मिळाला, तिथून ती जिंकत जिंकत वर आली, गुण आणि सामने दोन्ही मिळाले. घरच्या प्रेक्षकाला खूश करायला मुख्य कोर्टवर ओळखीचं नाव ठेवणं आणि त्या खेळाडूचं भलं करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 'आपला खेळाडू दाखवा' या आग्रहाचा इथे तोटा होतो.

बेसलाइन

यावर माझं मत बदललं. १५-१६ वर्षांच्या मुलांना पात्रता फेरीचंच वाइल्ड कार्ड द्यावं. मुख्य फेरीची तीन १५० ते ३०० क्रमवारीतल्या भारतीयांना, जे एक सामना जिंकू शकतात.

एडिसनकर

मग प्रेक्षकांनीही पात्रता फेरीला यायला हवं. चॅलेंजरची पात्रता फेरी रविवारी आणि सोमवारी असते. सोमवारी सकाळी बाहेरच्या कोर्टवर चेंडूचा आवाज आणि चार माणसं, बस्स. परदेशातून बघायचं तर चॅलेंजरचे सामने एटीपीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात.

दुसरी सर्व्हिस

येईन. पण समोरचा कुठल्याही देशाचा असो, त्याने लाइनवर बॅकहँड मारला तर टाळी वाजवणार, आधीच सांगून ठेवतो.

पंचाची खुर्ची

पॉइंट संपल्यावर वाजवा, म्हणजे झालं.