माइक हातात आला की हात लटलट कापतात, काय करू?

घरी गाणं मस्त होतं पण स्टेजवर घसा कोरडा, हात थरथर आणि पहिली ओळच गायब... कोणाला जमलंय का हे?

— अरे ते अॅड्रेनलिन, घाबरल्यावर अंगात सुटणारं रसायन, बंद नाही होत. पाब्लो कासाल्ससारख्या चेलोवादकालाही आयुष्यभर भीती वाटायची. मी माइक स्टँडवरच ठेवते, थरथर दिसतच नाही :) आणि आधी ४ आकडे श्वास आत, ६ आकडे बाहेर, दोनतीन मिनिटं.

— पहिली ओळ झोपेतून उठवलं तरी आली पाहिजे इतकी घोक, पुढचं येतं आपोआप. 'शांत हो' म्हटलं की माझं तर उलट जास्तच धडधडतं.

— कोणी प्रोप्रॅनोलॉल (धडधड, थरथर कमी करणारी गोळी) सुचवेल, पण दमा असेल तर ती गोळी धोक्याची, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

— दमा आहेच मला! स्टँड ट्राय करतो उद्या.