मदत हवी आहे: फ्रेझल व्हर्बच्या मराठी यादीत कर्माची जागा कशी दाखवावी?

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी फ्रेझल व्हर्बची (क्रियापद आणि 'ऑफ', 'आफ्टर'सारखा छोटा शब्द मिळून होणाऱ्या इंग्रजी जोड्यांची) यादी करतोय. अर्थांची अडचण नाही. 'टेक ऑफ'सारख्यांचे अर्थ वेगळ्या ओळींत दिलेत: विमानाने उड्डाण करणे (कर्म नाही), अंगावरचे कपडे काढणे (कर्म हवेच).

अडतंय ते सर्वनामापाशी. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की फक्त 'टर्न इट ऑफ'. मुलं हमखास 'टर्न ऑफ इट' लिहितात. आणि हा नियम शिकवला की तोच पुढे ओढून 'लुक हिम आफ्टर' करतात, तिथे 'लुक आफ्टर हिम'च हवं!

'(कोणाची) काळजी घेणे', '(काहीतरी) बंद करणे' असे कंस घालून पाहिले. त्यातून मराठी विभक्ती कळते, इंग्रजीतली जागा नाही. उच्चारातल्या आघाताची खूणही पाहिली: 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर, 'लुक ॲट इट'मध्ये 'लुक'वर. पण 'लुक आफ्टर', 'गेट ओव्हर' इथे शेवटच्या शब्दावर जोर येऊनही जोडी फुटत नाही, म्हणून ती खूण सोडली. 'पुट अप विथ'सारखे तीन शब्दांचे प्रकार वेगळे काढलेत, त्यांचा प्रश्न नाही.

यादी छापील आहे, एका नोंदीला एकच ओळ, रंग नाहीत. व्याकरणाच्या संज्ञा टाळायच्या आहेत. मूळ नोंदच 'टर्न (इट) ऑफ', 'लुक आफ्टर (हिम)' अशी सर्वनामासकट छापली तर 'टर्न ऑफ द लाइट' चूक आहे असा समज होईल का? वर्गात कोणी अशी मांडणी वापरली असेल तर दोन्ही रचना चालतात हे त्याच ओळीत कोणत्या खुणेने दाखवलं?