मदत हवी आहे: जुनी पेन्शन मंजूर, पण एनपीएसची कपात सुरूच

माझी वहिनी राज्य शासनाच्या सेवेत परिचारिका आहे. तिच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, नेमणूक 2006 ची. 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयानुसार तिने मुदतीत जुन्या पेन्शनचा विकल्प दिला. जुनी पेन्शन मंजूर झाली, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) क्रमांकही मिळाला. तरीही पगारातून 10 टक्के एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) कपात चालूच आहे. कार्यालय कोषागाराकडे बोट दाखवतं, कोषागार कार्यालयाकडे. तिच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, म्हणून काळजी वाटते.

सेवार्थमध्ये (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीत) कपात बंद करण्याचं काम आहरण व संवितरण अधिकाऱ्याचंच (कार्यालयात पगारबिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याचंच) ना? प्रान खातं (एनपीएसचं खातं) बंद करून तिचा हिस्सा जीपीएफमध्ये वळवायला कोणती कागदपत्रं लागली? ज्यांचं हे काम पूर्ण झालंय त्यांनी कृपया क्रम सांगा, विशेषतः आरोग्य विभागातल्यांनी.