संत्र्याची साल, लिंबू, टूथपेस्ट: पिंपल्सवरचे हे घरचे प्रयोग आता बंद व्हायला पाहिजेत

ट्यूशनवाली ताई

स्पष्टच लिहिते, पटलं नाही तर खुशाल भांडा. पिंपल्सवर घरी जे काही थापणं चालू असतं ना, सालीची पावडर, लिंबाचा रस, टूथपेस्ट, खायचा सोडा, त्यातलं निम्म्याहून जास्त बंद व्हायला पाहिजे, आणि आधी आयांनी बंद करायला पाहिजे कारण मुलींच्या हातात वाटी त्याच देतात.

माझ्याकडे आठवी ते बारावीच्या मुली शिकायला येतात. संत्र्यांचा सीझन सुरू झाला की गच्च्यांवर साली वाळायला पडतात, मग मिक्सरमधून भरड काढायची, दुधात नाहीतर दह्यात कालवायची आणि तोंडावर घासायची. थंडी संपेपर्यंत त्याच मुली ओढणीनं अर्धा चेहरा झाकून बसलेल्या असतात, पुळ्या तशाच आणि वर गालावर काळे डाग. सतरा वर्षांच्या पोरीला वर्गात मान वर करून प्रश्न विचारायची लाज वाटते हे मला बघवत नाही.

नागपूरच्या संत्र्याचा मलाही अभिमान आहे, पण त्याच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते हवेत पडून राहिलं की ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातून जे तयार होतं ते त्वचेला ॲलर्जी आणणारं म्हणून नीट माहीत असलेलं आहे. म्हणजे आपण साल जितके दिवस वाळवून डब्यात ठेवतो तितकी ती चेहऱ्यासाठी वाईट होत जाते. बागेत फवारणी होते ती गोष्ट वेगळीच. आणि ती रव्यासारखी भरड सुजलेल्या पुळीवर रगडली की आतल्या आत पुळी फुटते, सूज बाजूला पसरते, एकीच्या जागी तीन.

लिंबू तर त्याहून वाईट. त्वचेचा पीएच 5 च्या आसपास, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास, आणि पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त. लिंबात फ्युरोकुमारिन नावाचे पदार्थ असतात, ते त्वचेवर राहिले आणि ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं, कधी फोड येतात, नंतर काळा पट्टा राहतो तो महिनोन्महिने जात नाही. आणि आपलं ऊन कसलं असतं ते सांगायला नको, मे महिन्यात 45 च्या वर पारा आणि पोरी लिंबू लावून ॲक्टिव्हावर बर्डीला निघतात. सोडा उलट टोकाचा, अल्कली, त्वचेचा वरचा थरच बिघडवतो. टूथपेस्टमधला मेन्थॉल आणि फेस येणारा पदार्थ पुळी सुकवतो हे खरं, पण भोवतीची कातडी सोलतो.

घरी उपचार करू नका असं मी म्हणत नाहीये, चुकीचं वाचू नका. घरी करायचाच तर ज्याचं प्रमाण मोजलेलं आहे असं एकच औषध घ्या आणि धीर धरा. साध्या पुळ्यांना बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के, हे पुळ्यांवर वरून लावायचं औषध आहे, ट्यूबमध्ये मिळतं. 10 टक्क्यांशी त्याची तुलना झालेली आहे, पुळ्या जवळपास तितक्याच कमी होतात आणि जळजळ कमी होते, म्हणून जास्त टक्के मागू नका. सुरुवातीला एक दिवसाआड, पातळ थर, नंतर साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. उशीच्या अभ्र्याचा आणि टॉवेलचा रंग उडतो, जुने वापरा. दोन-तीन महिने द्या. आठवड्यात काही होत नाही.

कोरफडप्रेमी

ताई तुमची कळकळ दिसते पण हे एकतर्फी झालं. तुम्ही सगळ्या घरगुती गोष्टी एका पोत्यात भरल्या आणि पोतं फेकून दिलं. लिंबू आणि सोड्याबद्दल काही म्हणत नाही, पण कोरफड, मुलतानी, हळद यांनी कोणाचं तोंड जळालं सांगा? आमच्या घरी आजीपासून कुंडीतली कोरफड लावतात. पान कापून उभं ठेवायचं, पिवळा चीक निथळू द्यायचा, मग आतला गर. तो पिवळा चीक खाजतो हे आजीला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि तुम्हाला मोजलेलंच पाहिजे ना, मग टी ट्री ऑइल घ्या. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 जणांवर चाचणी झाली, एकीकडे 5 टक्के टी ट्री, दुसरीकडे तुमचंच 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी पुळ्या कमी झाल्या. टी ट्रीला वेळ जास्त लागला पण कोरडेपणा वगैरे त्रास कमी झाला. मग ज्या मुलीची त्वचा नाजूक आहे तिनं हळूवार रस्ता का घेऊ नये? सगळ्यांना बारावीच्या फोटोआधीच बरं व्हायचंय का?

दुसरं म्हणजे बहुतेक मुलींच्या चार पुळ्या येतात आणि वयानं जातात. त्यासाठी दुकानात पाठवलं की पोरगी एका ट्यूबवर थांबत नाही, फेसवॉश, सीरम, टोनर, सगळं घेऊन येते आणि चेहऱ्यावर थर चढवते. त्यापेक्षा आजीची वाटी परवडली.

खामल्याचा भाऊ

मी कोरफडवाल्या ताईच्या बाजूनं. दुकानातल्या ट्यूबचं सांगतो ऐका. माह्या लहान भावाला पुळ्या आल्या तं घराजवळच्या औषधाच्या दुकानात गेला, तेनं एक क्रीम देल्ली, म्हणे हे लाव, गोरा बी होशीन. लावली तं काय सांगू, चार दिवसात तोंड चकाचक, पोट्टा खुश, आम्ही बी खुश. मग लावतच रायला. बंद केली का तोंड लाल, आग आग, आधीपेक्षा दुप्पट पुळ्या, अन कातडी इतकी पातळ झाली का गालावरच्या बारीक नसा दिसून राहिल्या. उन्हात निघता येत नव्हतं तेले. आता बोला. सालीनं असं होते का कोणाचं? काहून लोकायले दुकानात पाठवून राहिले तुम्ही?

ट्यूशनवाली ताई

खामल्याचा भाऊ, तुमच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं, आणि हे लिहिलंत ते बरंच झालं कारण हा प्रकार घरोघरी आहे. ती स्टेरॉइडची क्रीम होती. त्वचेचे डॉक्टर याला स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा म्हणूनच ओळखतात, इतके पेशंट येतात. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असं काही दिसलं तर पिंपल्सवर लावायचं नाही, मग ती कितीही जणांनी लावलेली असो. 2018 मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, तरी काउंटरवर मिळतात. आणि हो, बरेच महिने लावली असेल तर स्वतःहून एकदम बंद करण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते उतरवत आणतात.

पण यावरून साल बरी असं कसं ठरतं? काउंटरवरच्या माणसाला "पिंपल्सचं काहीतरी द्या" म्हणणं हाही प्रयोगच झाला. मी नाव आणि टक्का सांगून मागा म्हणतेय. बेन्झॉइल पेरॉक्साइडमध्ये स्टेरॉइड नसतं.

कोरफडप्रेमी, टी ट्रीचा मुद्दा मान्य, चाचणी खरी आहे. पण ती 5 टक्के जेलची होती. आपल्याकडे मुली जी छोटी काळी बाटली आणतात ते नुसतं शंभर टक्के तेल असतं आणि बोटानं थेट लावतात. तेच तेल जुनं झालं की ॲलर्जी आणतं, सालीचीच गोष्ट. कोरफडीला माझा विरोध नाही, गार वाटतं, ओलावा मिळतो, औषधानं कोरडं पडलं तर बरोबर लावता येते. पण तिच्या एकटीच्या भरवशावर बंद पडलेलं छिद्र उघडत नाही. पुळी मुळात तिथून सुरू होते, मेलेल्या पेशी आणि तेल मिळून तोंड बुजतं, मग आत बॅक्टेरिया वाढतात आणि सूज येते. वरून गार लावून बुजलेलं तोंड कसं उघडेल?

बीएएमएस शेवटचं वर्ष

दोघींनाही थोडं थांबवतो. वरच्या दोन्ही बाजूंमध्ये आयुर्वेद म्हणून जे गृहीत धरलंय ते आयुर्वेद नाहीये. तारुण्यपिटिकेवर, म्हणजे पिंपल्सवर, लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप सांगितलाय, त्यात संत्र्याची साल नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट तर नाहीच नाही. आणि लेपाचे नियम आहेत. लेप वाळून तडकेपर्यंत ठेवायचा नसतो, ओलसर असतानाच काढायचा. रात्री लेप लावून झोपायचं नसतं. आपल्याकडे मुली मुलतानी लावून पंख्याखाली बसतात, हसता येईना इतकी ताणली की "काम करतेय" म्हणतात. ती फक्त पाणी आणि तेल ओढून घेतेय, दुसऱ्या दिवशी कातडी कोरडी आणि पुन्हा खाज.

ताई, माझा तुमच्यावर आक्षेप असा की तुम्ही चुकीच्या वापरावरून सगळ्या लेपांचा निकाल लावताय. सक्करदऱ्याला आमच्या शासकीय आयुर्वेदच्या ओपीडीत बसून बघा, तिथं वैद्य आधी पोट साफ होतं का, पाळी कशी आहे, झोप किती हे विचारतात, लेप नंतर. नुसती पावडर इतवारीतून आणून थापणं वेगळं. हळदीचंही तेच, सुटी हळद उजळ पिवळी दिसावी म्हणून रंग मिसळलेली असू शकते, घरी कुटलेली असेल तर गोष्ट वेगळी.

ट्यूशनवाली ताई

तपासून दिलेल्या लेपाला मी विरोध केलेलाच नाही. धागा घरातल्या प्रयोगांवर आहे. लेप वाळू द्यायचा नाही हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, हे माझ्या मुलींना मी उद्याच सांगणार आहे. आणि नैसर्गिक विरुद्ध केमिकल असं मी भांडतच नाहीये, ॲझेलेइक ॲसिड पिंपल्सवरचं चांगलं औषध आहे आणि ते गहू-जवात असतंच. फरक इतकाच की ट्यूबमध्ये ते किती आहे हे लिहिलेलं असतं.

रातराणी

मग बेन्झीनचं काय? 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका लॅबनं सांगितलं की बेन्झॉइल पेरॉक्साइड गरम झालं की त्यातून बेन्झीन तयार होतं, आणि बेन्झीननं कॅन्सर होतो हे तर सिद्धच आहे. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात घरात काय तापमान असतं सांगा. दुकानांचे गोडाऊन पत्र्याचे. ज्या मुलींची इतकी काळजी करता त्यांना हे लावायला सांगताना भीती नाही वाटत? सालीवर तुम्ही इतकं रसायनशास्त्र लिहिलंत, यावर एक ओळ नाही.

ट्यूशनवाली ताई

प्रश्न रास्त आहे. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नंतर 95 उत्पादनं तपासली, 90 टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेन्झीन सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं, ज्या थोड्या उत्पादनांत जास्त निघालं ती 2025 मध्ये कंपन्यांनी स्वतःहून बाजारातून परत घेतली. म्हणून मी थांबा म्हणत नाही. पण उष्णतेचा मुद्दा आपल्यासाठी खरा आहे. ट्यूब गाडीच्या डिक्कीत ठेवायची नाही, खिडकीत नाही, घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवायची, तारीख बघून छोटी ट्यूब घ्यायची आणि उन्हाळ्यापलीकडे उरलेली फेकायची. ज्यांना तरीही नको वाटतं त्यांनी डॉक्टरांकडून ॲडापलीन हे पुळ्यांवर लावायचं दुसरं औषध लिहून घ्यावं, त्यात हा प्रश्न नाही, फक्त गरोदरपणात किंवा तसा विचार असेल तर ते चालत नाही.

रातराणी

उत्तर मिळालं पण पटलं नाही. ज्या गावात एप्रिलमध्येच कूलरशिवाय झोप येत नाही तिथं गार कपाट कुठून आणायचं? मी माझ्या मुलीला नाही लावणार.

पोट्ट्याची आई

तुम्ही सगळे मुलींचंच बोलून राहिले. माझा मुलगा अकरावीत आहे, त्याच्या गालावर आणि पाठीवर मोठ्या मोठ्या गाठी येतात, दुखतात, हात लावू देत नाही. सासूबाई म्हणतात वय आहे, कडुनिंबाचा पाला वाटून लावा. लावतो आहे पण गाठ बसली की खड्डा राहून राहिला. प्रायव्हेट डॉक्टरची फी, मग औषधं, परवडत नाही हो दर महिन्याला. काय करू?

ट्यूशनवाली ताई

वहिनी, याला थांबू नका. बाकी सगळे वाद राहू द्या बाजूला. दुखणाऱ्या खोल गाठी आणि खड्डे असतील तर कडुनिंब नाही, बेन्झॉइल पेरॉक्साइडही एकट्यानं नाही, यावर पोटातून औषध लागतं, आणि जितका उशीर तितके खड्डे कायमचे. मेडिकल किंवा मेयो, आपल्या या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत त्वचेची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, खाजगीच्या मानानं खर्च फारच थोडा. गर्दी असते, मुलाचा एक दिवस कॉलेज बुडेल, बुडू द्या. आधी काय काय लावलंय ते सगळं सांगा, ट्यूब असतील तर पिशवीत टाकून न्या. जिममधली कुठली पावडर किंवा इंजेक्शन घेतो का तेही त्याला एकट्याला विचारा, रागावू नका.

बीएएमएस शेवटचं वर्ष

यात माझंही हेच मत. गाठी आणि व्रण असतील तर लेपाची वेळ निघून गेलेली असते.

खामल्याचा भाऊ

वहिनी मेयोले जात असान तं सांगा, माह्या भावाले बी दाखवाचंच आहे, संगं जाऊ. मले अजूनही वाटते का साधी पुळी असन तं कोरफडच बरी, दुकानदाराच्या हाती तोंड द्याचं नाही.

कोरफडप्रेमी

ताई, गाठींचं मान्य, त्यावर कोणी भांडत नाहीये. पण माझा प्रश्न तसाच आहे. ज्या मुलीला महिन्यातून दोन पुळ्या येतात, त्याही पाळीच्या आधी, तिनं रोज रात्री ट्यूब का लावायची? ती पुळी आठवड्यात आपोआप जाते.

ट्यूशनवाली ताई

नाही लावायची. तिनं साध्या फेसवॉशनं दोनदा तोंड धुवायचं, पुळी फोडायची नाही, केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही आणि गाडीवर बांधायचा स्कार्फ रोज धुवायचा, घामट कापड गालावर घासून घासूनही पुळ्या येतात. कोरफड लावायची तर लावू दे. फक्त पुळ्या हनुवटी आणि जबड्यावरच येत असतील, पाळी दोन-दोन महिने लांबत असेल आणि ओठावर-हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आईनं तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावं, पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याचा आजार, असू शकतं आणि ते चेहऱ्यावर काहीही लावून जात नाही. सालीची भरड मात्र तिनंही घासायची नाही, तिथं मी मागे हटणार नाही.

कोरफडप्रेमी

भरड नको तर वस्त्रगाळ करून घेऊ, पण ताज्या सालीची. आमच्याकडे लावतात आणि लावणार.

ट्यूशनवाली ताई

मग निदान आधी कानामागे लावून दोन दिवस बघा, आणि लावून उन्हात जाऊ नका.