मदत हवी आहे: वाचकाच्या प्रश्नामागची नेमकी गरज ओळखायला सहकाऱ्यांना कसे शिकवावे?

नमस्कार. गोव्यातील एका तालुका ग्रंथालयात मी संदर्भ विभाग सांभाळते. देवघेव, दाखलनोंद, वर्गीकरण ही कामे आमचे सहकारी चोख करतात. परंतु वाचक समोर येऊन काही विचारतो, तेव्हा त्याला नेमके काय हवे आहे हे त्याच्याशी बोलून काढून घेण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण आमच्यापैकी कुणालाच मिळालेले नाही. ज्यांनी ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे त्यांना संदर्भग्रंथांची नावे पाठ आहेत, पण संवाद प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे करतो.

अडचण उदाहरणाने सांगते. एखादे वयस्कर गृहस्थ येतात आणि "कायद्याचीं पुस्तकां खंय आसात?" असे विचारतात. आमचा सहकारी अदबीने कपाट दाखवतो. ते एक जाडजूड इंग्रजी खंड काढतात, चार पाने उलटतात, जागेवर ठेवतात आणि निघून जातात. दोन प्रश्न अधिक विचारले असते तर कळले असते की ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीतील घरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, घराच्या दुरुस्तीला हरकत आली आहे आणि मुंडकार, म्हणजे असा दुसऱ्याच्या जमिनीतील घरात राहणारा, म्हणून आपला हक्क काय हे त्यांना पाहायचे आहे. म्हणजे त्यांना हवे होते ते कपाट नव्हे, १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यातील नेमकी कलमे. विद्यार्थ्यांचेही तसेच. "गोव्याचा इतिहास द्या" म्हणणाऱ्या मुलीला प्रकल्पासाठी गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची माहिती हवी असते, आणि आपण तिच्या हाती कदंबांपासून सुरू होणारा ग्रंथ ठेवतो.

त्यात भाषेची गुंतागुंत आहे. प्रश्न कोकणीत किंवा मराठीत येतो, उत्तर बहुधा इंग्रजीत सापडते, आणि विषय १९६१ च्या आधीचा असेल तर मूळ कागद पोर्तुगीजमध्ये असतो. साष्टी तालुक्याविषयी शोधताना 'साल्सेत' या पोर्तुगीज रूपानेही शोधावे लागते, हे नव्या सहकाऱ्याला कुणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे की, वाचकाला संकोच वाटू न देता आणि त्याच्या खासगी बाबीत नाक न खुपसता प्रश्न कसे विचारावेत, याचा सराव आपण आपल्या ग्रंथालयात कसा करून घेता, ते कृपया सविस्तर लिहावे. दुसरे म्हणजे, कायदा आणि आरोग्य या विषयांत आपण कुठे थांबावे? सहकारी एक तर काहीच सांगत नाहीत किंवा आपुलकीपोटी थेट सल्ला देऊ लागतात, आणि मला दोन्हींची काळजी वाटते.

प्रतिसाद:

आपण विचारलेला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि ही उणीव केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९८३ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांची पाहणी झाली, तेव्हा पूर्ण आणि अचूक उत्तर मिळण्याचे प्रमाण सुमारे ५५ टक्के निघाले. त्या पाहणीत संग्रहाच्या आकारापेक्षा कर्मचाऱ्याच्या वागण्याचा परिणाम अधिक दिसला. शोध सुरू करण्यापूर्वी प्रश्न पक्का करून घेणे आणि शेवटी "आपल्याला हवे ते पूर्ण मिळाले का?" असे विचारणे, या दोन सवयी निर्णायक ठरल्या. मला ही बाब अतिशय आश्वासक वाटते, कारण ग्रंथखरेदीचे अनुदान आपल्या हातात नसले तरी या सवयी आपल्या हातात आहेत.

प्रश्न कसा विचारावा याविषयी ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूड्नी या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत मी सहकाऱ्यांना शिकवते. "हे कशाला हवे?" असे थेट विचारू नये, त्यात चौकशीचा सूर येतो आणि वाचक आखडतो. त्याऐवजी "कोणत्या कामात हा विषय निघाला?", "कुठवर माहिती मिळाली आहे, आणि अडले कुठे?", "मिळालेली माहिती कशी वापरणार आहात, म्हणजे त्याप्रमाणे शोधता येईल" असे विचारावे. शेवटच्या वाक्यातील कारण गाळू नये. आपण का विचारतो आहोत हे कळले की माणूस मोकळा होतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थांना "जमिनीविशीं जाय काय घराविशीं?" एवढे कोकणीत विचारले असते तरी पुढचे त्यांनी स्वतःहून सांगितले असते.

सरावासाठी ग्रंथालय उघडण्यापूर्वीचा वेळ घ्यावा. एका सहकाऱ्याला चिठ्ठी द्यावी. तिच्यावर वर मोघम प्रश्न आणि खाली खरी गरज लिहिलेली असावी. त्याने वाचक व्हावे, दुसऱ्याने संदर्भसेवा द्यावी, तिसऱ्याने फक्त ऐकून कोणत्या प्रश्नाने गाठ सुटली ते टिपावे. चिठ्ठ्या मनाने रचू नयेत. संदर्भ विभागात एक नोंदवही ठेवून तिच्यात प्रश्न वाचकाच्याच शब्दांत, नंतर उमगलेली गरज, कुठे कुठे शोधले आणि काय हाती लागले एवढे रोज लिहावे, आणि त्यातूनच चिठ्ठ्या काढाव्यात. वाचकाचे नाव मात्र त्या वहीत कधीही लिहू नये. लहान गावात केवळ प्रश्नावरूनही माणूस ओळखला जातो, म्हणून अशा खुणा चिठ्ठीत येण्यापूर्वी काढून टाकाव्यात.

मर्यादेबाबत माझे मत ठाम आहे. कलम काढून देणे, वाचून दाखवणे, त्यातील अवघड शब्दाचा कोशातील अर्थ सांगणे हे आपले काम आहे. "तुमची बाजू भक्कम आहे" असे म्हणणे हे नाही. मुंडकाराच्या प्रकरणात मामलेदार कार्यालयाकडे आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी तालुका विधी सेवा समितीकडे पाठवावे, आणि तसे पाठवताना कुठल्या दारी जाऊन काय विचारायचे हे कागदावर लिहून द्यावे. पोर्तुगीज काळातील विषयासाठी पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहेच. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या त्या ग्रंथालयाला आधी दूरध्वनी करून खात्री करावी आणि मगच वाचकाला पणजीला जायला सांगावे. काणकोण किंवा सत्तरीहून येणाऱ्याची खेप फुकट जाता कामा नये.

मूळ प्रश्नकर्ती:

मनःपूर्वक आभार. नोंदवही सोमवारपासून सुरू करत आहोत. एक शंका उरते: संध्याकाळी आमच्याकडे दोघेच असतात आणि देवघेवीच्या खिडकीशी रांग लागते. अशा वेळी एका वाचकाशी इतके सावकाश बोलणे जमवावे कसे?

प्रतिसाद:

रांगेत उभे ठेवून खासगी विषय बोलूच नये. त्यांना संदर्भ कक्षात बसवावे, विषयाजवळचा एखादा ग्रंथ चाळायला द्यावा आणि "रांग संपली की मी येते" असे सांगून खरोखरच जावे. तेवढाही वेळ नसेल तर प्रश्न आणि संपर्क क्रमांक वेगळ्या कागदावर घ्यावा, उत्तर कधी देणार तो दिवस सांगावा, आणि उत्तर दिल्यावर तो कागद फाडून टाकावा.