मदत हवी आहे: आजीच्या भावाची १९४४-४५ मधली पत्रं, तो नेमका कुठे होता?

नमस्कार मंडळी,

माझ्या आजीचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होता. पायलट नव्हे, इंजिन उघडून-जोडून विमान उडण्याजोगं करून देणारा. घर खटाव तालुक्यातलं, जमीन कोरडवाहू, एक विहीर, एक मोट. आम्ही नातवंडंसुद्धा त्याला दादाच म्हणायचो. १९४६ साली तो परत आला, शेवटपर्यंत शेती केली, आणि लढाईबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही. आजीनं नव्वदी ओलांडली आहे. दादा त्या वर्षांत कुठे राहिला हे तिला कळायला हवंय. ती म्हणते आसामात. दादाच्या पेटीत पदक आहे ते बर्मा स्टार. मामा म्हणतात चितगाव. पत्रांत गावाचं नाव एकदाही नाही. सेन्सॉरमुळे लिहिताच येत नसणार.

हाताशी काय आहे ते सांगते. एक पत्रांचा गठ्ठा आहे आणि मनीऑर्डरची कुपनं आहेत. पाकिटं बहुतेक गेली. जी उरलीत त्यांच्यावरची तिकिटं कुणीतरी पोरानं कापून घेतलीत, त्याबरोबर शिक्के आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही गेला. एकाच पाकिटावर गोल शिक्का अर्धामुर्धा वाचता येतो.

प्रत्येक पत्राचे दोन भाग आहेत. वडिलांना लिहिलेला मजकूर मोडीत: 'तीर्थरूप बापूंचे सेवेसी शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.' असा. आजीला वेगळी चिठ्ठी, बाळबोध लिपीत, कारण ती तेव्हा शाळेत जात होती आणि तिला मोडी येत नव्हती. पणजोबांना कुठलंच वाचता येत नसे. मोडीचं पत्र गुरुजी येऊन ओसरीवर मोठ्यानं वाचत आणि निम्मं गाव ऐकायला बसे. त्यामुळे घरातलं जे खरं बोलायचं ते दादा आजीच्या चिठ्ठीत लिही. पैसे कुठे ठेवा, कुणाचं देणं आधी फेडा, आईचा खोकला कसा आहे, असं.

त्या काळात आमच्या भागात प्रतिसरकार जोरात होतं. रात्री चळवळीतली माणसं घरी भाकरी खाऊन जात आणि सकाळी त्याच ओसरीवर सरकारी फौजेतल्या मुलाचं पत्र वाचलं जाई. पणजोबांनी चिठ्ठ्या ज्वारीच्या कणगीत ठेवल्या होत्या, आजीनं स्वतः पाहिलंय. पोरगं ब्रिटिशांच्या चाकरीत आहे म्हणून कुणी बोट दाखवलं नाही असं ती सांगते, पण पणजोबा धास्तावलेले असत.

चिठ्ठ्यांत युद्ध नाहीच, शेती आहे. तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का. लेव्हीचं धान्य घालून घरात किती उरलं. एका कुपनावर जेमतेम एवढंच: 'हे पैसे मोटेच्या चामड्याला. दुसरीकडे खर्चू नयेत.' एवढ्या लांब बसून तो घराची शेती चालवत होता, हे वाचताना पदोपदी जाणवतं.

ठिकाणाचा सुगावा लागेल असं मला तीनच जागी सापडलं. तारखा शक संवतात आहेत.

पहिलं, १९४४ च्या पावसाळ्याआधीचं: 'आपण ज्याचा पाला उकळून पितो त्याचीच येथे शेती. डोंगर उतारावर रांगा लावल्यात, माणूस कमरेइतका बुडतो.'

दुसरं त्याच वर्षाच्या शेवटी: 'आता नवी गाडी आली. आधीचीत दोघे बसत, मागच्याचे तोंड शेपटीकडे. हिच्यात एकटाच. आधीचे इंजिन वाऱ्यावर निवायचे, हिला पाटलांच्या ऑइल इंजिनासारखे पाणी पाजावे लागते.'

तिसरं फाल्गुन शके १८६६, म्हणजे १९४५ चा उन्हाळा तोंडावर असताना: 'बापूंना सांग, हा मुलूख थेट आपल्यासारखा. धुरळा, बाभळी, बैलगाड्या. तीळ, भुईमूग, ज्वारी करतात. फक्त ताड फार, शिडी लावून रस काढतात आणि त्याचा गूळ करतात. इतके दिवस भाताच्या चिखलात राहून आज पायाला ओळखीची माती लागली.'

यावरून ठिकाण निघेल का? अधिकृत नोंद कुठे मागायची? आणि मोडी वाचून देणारं कुणी आहे का? गुरुजींनी वाचलेलं आजीला आठवतं ते तुकड्यातुकड्यांत, पूर्ण पत्र तिनंही कधी ऐकलेलं नाही.

---

प्रतिसाद:

ताई, चिठ्ठ्या बोलक्या आहेत. दोघे बसणारं, मागचा मागे तोंड करून, हवेनं थंड होणारं इंजिन: हे व्हल्टी व्हेन्जन्स, अमेरिकन बनावटीचं डाइव्ह बॉम्बर. आपल्या हवाई दलात लढाईत ते फक्त ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी वापरलं. पुढे ७ ला हरिकेन मिळाली आणि ८ ला स्पिटफायर. दोन्ही एकट्या पायलटची, दोन्हींची इंजिनं द्रवानं थंड होणारी. म्हणजे इंजिनावरून निकाल लागत नाही.

शेतीवरून लागतो. ८ क्रमांक आराकानच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला, चितगावकडे होतं. ७ क्रमांक १९४४ च्या मार्चपासून कछारमध्ये सिल्चरजवळ उदरबंदला होतं, सगळीकडे चहाचे मळे. इंफाळ-कोहिमाची लढाई पेटली होती तेव्हा तिथूनच डोंगरापलीकडे हल्ले चालत. कछार तेव्हाही आसामातच, त्यामुळे आजी बरोबर. नंतर ७ क्रमांक हरिकेन घेऊन मध्य ब्रह्मदेशात गेलं. तो भाग ब्रह्मदेशातला कोरडा पट्टा. आराकानचे डोंगर पाऊस अडवतात म्हणून इरावतीच्या मधल्या खोऱ्यात पाऊस फार कमी. तीळ, भुईमूग, ज्वारी, ताडाचा गूळ, सगळं तिथलंच. किनाऱ्यावर हे चित्र दिसणार नाही. म्हणजे पदकही खरं. मामांचं चितगाव तेवढं बसत नाही.

माझ्या मते ७ क्रमांक. याच स्क्वाड्रनचं नेतृत्व तेव्हा प्रतापचंद्र लाल यांनी केलं, जे १९७१ च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते.

---

प्रतिसाद:

मी टपाल-इतिहास गोळा करतो. तो अर्धा शिक्का फार महत्त्वाचा आहे. फिल्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात मुद्दाम गावाचं नाव नसे, नुसता क्रमांक. ही ऑफिसं फौजेबरोबर हलत, म्हणून क्रमांक आणि तारीख दोन्ही हवीत. अमुक क्रमांक अमुक महिन्यात कुठे होता याच्या याद्या संग्राहकांकडे आहेत. खोडरबर किंवा पाणी लावू नका. खिडकीजवळ तिरपा उजेड पाडून फोटो काढा, पुसट शाई वर येते. पाकीट आतूनही पाहा, जोरात मारलेल्या शिक्क्याचा दाब मागून दिसतो.

कुपनंही टाकू नका. पैसे कोणत्या ऑफिसातून सुटले त्याचा शिक्का त्यांच्यावर असू शकतो. तिकीट नाही म्हणून पोरांनी ती कापलेली नसणार.

---

प्रतिसाद:

नोंदीसाठी: हवाई सैनिकांची सेवापुस्तकं दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधल्या वायुसेना रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. नातं दाखवणारे कागद आणि सेवा क्रमांक लागेल. पदकाची मागची बाजू भिंगातून बघा, भारतीयांना दिलेल्या पदकांवर बऱ्याचदा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. अर्ज कसा लिहायचा ते साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील. स्क्वाड्रनच्या हालचालींसाठी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाला वेगळं पत्र लिहा.

मोडी मी वाचते. जलद हातातली मोडी त्या माणसाच्या वळणावर जाते, तेव्हा एका पानावरून सांगणं अवघड. चार-पाच पत्रं एकदम पाठवा. मायना ठरलेला असतो, त्यावरून आधी त्यांचं अक्षर ओळखता येईल.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजीला उदरबंद आणि कोरडा पट्टा दोन्ही सांगितलं. ती लगेच म्हणाली, 'मग त्या तिळाचं पत्र आल्यावर बापूंनी तीळ पेरला होता, विहिरीकडच्या तुकड्यात.' हे तिनं याआधी कधीच सांगितलं नव्हतं. त्याआधी आमच्याकडे तीळ फक्त बाजरीत मिसळून टाकत.

पदकाच्या मागच्या बाजूला आकडे आहेत, शेवटचे दोन झिजलेत. शिक्क्यात पहिला आकडा १ दिसतोय आणि महिना बहुधा मार्च. फोटो आज संध्याकाळी टाकते. मोडीची पत्रं स्कॅन करून पाठवते, पण एक विनंती: १९४५ च्या मे-जूनमधलं जे पत्र आहे ते आधी वाचाल का? त्याच्याबरोबरची आजीची चिठ्ठी हरवली आहे, आणि त्यानंतर पाच महिने घरी काहीच आलं नव्हतं. त्या दिवसांत ७ क्रमांक कुठे हललं होतं हे कुणाला माहीत असेल तर तेही लिहा.