शाळेचं पटांगण मुलांचं की कार्यक्रमांचं?

ओंकारेश्वर_घाट

गेल्या आठवड्यात मुलगा शाळेतून आला आणि कंपासपेटी उघडून माझ्यासमोर धरली. पेन्सिली दप्तरात सुट्ट्या टाकलेल्या आणि पेटीत नुसते खिळे. गंजलेले, वाकलेले, दोन तर बोटाएवढे लांब. "आई, आज पीटीच्या तासाला खेळ नव्हता. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि खिळे वेचायला लावले. माझे अकरा झाले." अकरा खिळे सापडल्याचा त्याला आनंद झाला होता. माझ्या पोटात गोळा आला.

झालं असं की आधीचे चार दिवस पटांगणावर कपड्यांचं प्रदर्शन आणि विक्री होती. मंडपवाल्यांनी वासे उपटून नेले, खड्डे तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी लंगडी खेळताना एक मुलगी पडली आणि तिच्या गुडघ्यात खिळा घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन, तीन टाके. त्यानंतर ही खिळे वेचायची मोहीम.

शाळेचं नाव घेत नाही. एकाच शाळेचा प्रश्न असता तर मुख्याध्यापकांना भेटून मिटवला असता. मी वीस वर्षं पुण्यात शनिवार पेठेत राहते आणि आजूबाजूच्या पटांगणांवर वर्षभर काय चालतं ते गच्चीतून दिसतं. पावसाळ्यात ढोलांचा सराव, मग गणपती, मग दिवाळीआधीची प्रदर्शनं, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं, लग्नं आणि खाद्यमहोत्सव. मुलांच्या वाट्याला उरतं ते उन्हाळ्यातलं तापलेलं मैदान, तेही परीक्षेच्या दिवसांत.

आमच्या लहानपणी वाड्याला चौक होता, मागे आड आणि परस होता. आता वाडे गेले. त्यांच्या जागी इमारती आल्या, खाली पार्किंग आलं आणि "इथे खेळू नये" अशी पाटी आली. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या. पेठेतल्या मुलाला जीव खाऊन पळता येईल अशी एकच जागा उरली आहे, ती शाळेची. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद लागतं. एवढी मोकळी माती मला शाळेबाहेर पेठेत कुणी दाखवावी. आणि हे त्या गावात, जिथे 1914 साली डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे पहिले नियम बसवले गेले.

माझं म्हणणं सरळ आहे. शाळा चालू असताना पटांगण बाहेरच्या कुठल्याही विक्रीला किंवा समारंभाला देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_कारकून

ताई, त्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. मंडपवाल्याकडून अनामत घेऊन जागा तपासल्याशिवाय ती परत द्यायची नसते. तिथे चूक झाली, हे मान्य. पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही.

मी एका अनुदानित संस्थेच्या कचेरीत 31 वर्षं काढली. अनुदानित म्हटलं की लोकांना वाटतं सरकार सगळं देतं. सरकार शिक्षकांचे पगार देतं. वीज, पाणी, रंगरंगोटी, गळकं छप्पर, स्वच्छतागृहं, बाकं हे सगळं वेतनेतर अनुदानातून व्हायचं असतं. ते कधी येतं, किती येतं आणि कितीला पुरतं हे ज्यानं खतावणी लिहिली त्यालाच ठाऊक. फी वाढवा म्हणाल, तर आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्यानं मोफत आहे, आणि ते तसंच असायला हवं. 2020 साली शासन निर्णय आला की शिपायाचं पद रिकामं झालं तर ते भरायचं नाही, त्याऐवजी ठरावीक भत्ता घ्यायचा. मग झाडायला, घंटा द्यायला, मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई करायला माणूस कुठून आणायचा?

आमच्याकडे मुलींची स्वच्छतागृहं नव्यानं बांधली ती दोन वर्षांच्या पटांगणाच्या भाड्यातून. हे मी माझ्या हातानं लिहिलंय. चार दिवसांच्या प्रदर्शनानं खेळाचे चार तास जातात, खरं आहे. पण पाण्याची सोय नसली म्हणून मोठ्या मुली मधल्या सुट्टीनंतर घरी जायच्या, त्यांचे किती तास जात होते?

षड्ज

विक्रीचं सोडा, पण सगळे कार्यक्रम एकाच दावणीला बांधू नका, ही विनंती. 1953 साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि आमच्या पिढीनं तो ऐकला तो शाळांच्याच पटांगणांवर. आधी रेणुका स्वरूप, मग कित्येक वर्षं रमणबाग. मी सातवीत होतो तेव्हा आजोबांच्या शालीत शिरून भारतीय बैठकीत झोपलो होतो आणि पहाटे तानपुऱ्याच्या आवाजानं जाग आली. समोर दवानं ओली झालेली सतरंजी, मागे कुणीतरी थर्मासमधून चहा ओततंय. त्या शाळेत मी शिकलो नाही, पण गाणं ऐकायला शिकलो ते तिथे.

2018 पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात गेला. तिथे सोयी चांगल्या आहेत, तक्रार नाही. पण शनिवार-नारायण पेठेतली म्हातारी माणसं काठी टेकत चालत जायची, त्यांचं जाणं तुटलं. शाळा गावाच्या मधोमध असते म्हणून गाव तिथे जमतं. फाटक लावून घेतलंत तर शाळा आणि गाव दोघांचंही नुकसान होईल.

पाचवी_ब_च्या_बाई

मी शिकवते, म्हणून वर्गाच्या आतून सांगते.

कार्यक्रम संध्याकाळी असतो, मुलांना काय त्रास, असं सगळे म्हणतात. कार्यक्रम संध्याकाळी असतो, पण मंडप सकाळी ठोकतात. ट्रक मधल्या सुट्टीत मागे घेतात. स्पीकर दुपारी तपासतात. मागच्या वर्षी मी श्रुतलेखन घेत होते आणि खाली "हॅलो, हॅलो, चेक" चाललं होतं. मी "निसर्ग" म्हटलं, मागच्या बाकांवरच्या चौघांनी "विसर्ग" लिहिलं. त्यांचे गुण कसे कापायचे? मी ती पानं फाडायला लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रुतलेखन घेतलं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे आणि शैक्षणिक संस्थांभोवतीचे 100 मीटर हे त्यासाठीच सांगितलेत. 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारनं क्षेत्र जाहीर करावं लागतं, हा तांत्रिक भाग झाला. पण जी संस्था बाहेरच्या आवाजाविरुद्ध पोलिसांत अर्ज करते, तिनंच आतल्या पटांगणावर स्पीकर लावायला दिला तर कुठल्या तोंडानं बोलायचं?

कारकून काकांचं म्हणणं मात्र खोटं नाही. खडू आम्ही स्वतःच्या पैशानं आणलेत. म्हणून मला दोन्ही बाजू डाचतात.

ताशेवाला

मी एका पथकात सहा वर्षं ताशा वाजवतो. पहिल्याच पोस्टमध्ये ढोलाचं नाव आलं म्हणून लिहितोय.

ताई, शाळेच्या मुलामुलींचं ढोलपथक ही कल्पनाच पुण्यात शाळांमधून आली. ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळांनी ती रुजवली. त्याआधी मुलींनी कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रस्त्यावर उतरणं कुणाच्या डोक्यात नव्हतं. आज माझ्या पथकात निम्म्याच्या आसपास मुली आहेत. आम्ही नदीपात्रात सराव केला तर पलीकडचे रहिवासी तक्रार करतात. पुलाखाली केला तर पोलीस उठवतात. शाळेत केला तर तुम्ही. मग हात बसवायचा कुठे? पहिल्यांदा टिपरू हातात घेतलेल्या मुलाला गणपतीच्या दिवशी थेट रस्त्यावर कसं उभं करायचं?

आम्ही सराव संपल्यावर झाडून जातो, हेही सांगतो.

ओंकारेश्वर_घाट

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

षड्ज, तुमची दवानं ओली सतरंजी माझ्याही आठवणीत आहे. त्या पाच दिवसांबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. आम्ही खिडक्या उघड्या ठेवून घरात बसून ऐकायचो. पण "गावाचं जमणं" या नावाखाली कुर्त्यांची विक्री आणि पनीर टिक्क्याचे ठेले खपवू नयेत, एवढंच. गाणं आणि विक्री यांत मला फरक दिसतो, आणि पटांगण देणाऱ्यालाही तो दिसायला हवा.

ताशेवाला, तुम्ही झाडून जाता हे खरं आहे, मी गच्चीतून पाहिलंय. संध्याकाळी दीड तास आणि शाळा सुटल्यावर, एवढं असेल तर माझा विरोध मागे. पण एका पटांगणावर तीन-तीन पथकं पाळी लावून रात्री दहापर्यंत, असंही चालतं. समोरच्या इमारतीत नव्वदीच्या आजी आहेत. त्या उशी कानावर दाबून बसतात.

काका, मुलींच्या स्वच्छतागृहाचा मुद्दा ऐकून मी गप्प झाले, खरंच. तरी एक विचारते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह लागतं, तसंच मैदानही लागतं. दोन्ही एकाच यादीत आहेत. मग एक विकून दुसरं बांधायची वेळ संस्थेवर यावी आणि आपण तिला व्यवहार म्हणून स्वीकारावं, हे कसं? ज्यानं द्यायचे त्याच्याकडे मागायचे सोडून आपण मुलांच्याच हातातलं काढून घेतोय.

निवृत्त_कारकून

मागितलं नाही असं वाटतं का तुम्हाला? शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात मी. फाईल घेऊन बाकावर बसायचं, साहेब बैठकीत, पुढच्या मंगळवारी या. तोवर इकडे विजेचं बिल थकलेलं. तुमचं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. पण मीटर कापायला आलेल्या माणसाला तत्त्व दाखवून भागत नाही.

आणि माझी खरी भीती वेगळी आहे. पेठांतल्या मराठी शाळांचा पट घसरतोय. तरुण कुटुंबं कोथरूड, सिंहगड रस्ता, हिंजवडीकडे गेली. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे सरकार पटावरून पदं ठरवतं त्यात, शिक्षकांची पदं कमी होतात, मग पालक आणखी बिचकतात. उद्या शाळाच बंद पडली तर त्या पटांगणाचं काय होईल? मोक्याच्या जागेवरची एवढी मोकळी जमीन किती दिवस मोकळी राहील? त्यापेक्षा वर्षातले काही दिवस भाड्यानं जाऊ देत आणि शाळा उभी राहू दे.

दादरकर

मी मुंबईचा, पण हा वाद आम्ही शिवाजी पार्कला अनेक वर्षं जगलोय. तिकडे कोपऱ्यावर बालमोहनसारखी शाळा, समोर मैदान आणि सभांचे कर्णे. 2010 मध्ये उच्च न्यायालयानं पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले 45 दिवस ठरले आणि कुठले दिवस कशासाठी हेही ठरलं. वाद संपले नाहीत, पण आज कुणीही दिवस मोजू शकतो. तुमच्याकडे कुणी मोजतंय का? प्रत्येक शाळेनं फाटकाशी फळा लावावा. पटांगण किती दिवस दिलं, कुणाला दिलं, भाडं किती आलं आणि ते कशाला लागलं. बाकी भांडण त्यानंतर करा.

पाचवी_ब_च्या_बाई

फळ्याची कल्पना मी उद्याच शिक्षक-पालक संघात मांडते. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी मांडणार आहे. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी धरली तर सुमारे दोन महिने पटांगण रिकामं असतं, आधी ते दिवस भाड्यानं द्या. आणि मंडप फक्त लोखंडी बैठकीवर उभा राहील, जमिनीत वासा पुरायचा नाही आणि खिळाही ठोकायचा नाही.

निवृत्त_कारकून

बाई, मे महिन्यात पुण्यात प्रदर्शनाला कोण जागा घेणार? मागणी असते ती दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, सुट्टी लागायच्या आत. भाडंही तेव्हाच मिळतं. लोखंडी बैठक मान्य. फळा मान्य. पण ते पंधरा दिवस संस्थेला सोडता येणार नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

ओंकारेश्वर_घाट

काका, त्याच पंधरा दिवसांत सहामाही परीक्षा असते. मुलं एका मजल्यावर पेपर लिहितात आणि खाली साड्यांवर सूट पुकारतात. ते पंधरा दिवस मी सोडणार नाही. शुक्रवारी साडेपाचला संघाची सभा आहे. तुम्ही पालक नसलात तरी तुमची ती खतावणी घेऊन या, बाईंना सांगून तुम्हाला बोलायची परवानगी मी मिळवते. मी कंपासपेटी घेऊन येईन.